कप्तानाचा हात

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या फुटबॉल सामन्यांत त्या काळी एक रीत होती. सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ ओळीनं उभे राहायचे आणि कप्तान आपल्या एकेका गड्याच्या खांद्यावर हात ठेवून रेफ्रीला सांगायचा, हा अमका, अमक्या वर्गाचा, आमचा. कारण उघड होतं. कामठीच्या छावणीत पलटणींसोबत खेळून तयार झालेले पक्के खेळाडू होते, आणि कॉलेजं-क्लब त्यांना उसने आणून आपल्या पोरांच्या नावावर खेळवायचे. फोटो कोणाचे निघत होते? माणसाची ओळख म्हणजे दुसऱ्या माणसाचं तोंड. कप्तान हात ठेवून बोलला की तुम्ही तुम्ही. नाही बोलला, तर तुम्ही कोणीच नाही.

मी अकोल्याच्या मैदानावर कोणीच नाही झालो, त्याची ही गोष्ट. ती गोड करून सांगायला मला जमणार नाही.

माझं नाव भगवंत शालिकराम मेहरे. अमरावतीला वडाळीच्या तलावाखाली आमचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, बांधावर झेंडू. बाप सकाळी टोपलं घेऊन निघायचा. आधी ठरलेल्या घरी भाजी द्यायची, मग बाजारात बसायचं. त्या ठरलेल्या घरांत मोरोपंत वकिलांचं घर होतं. त्यांचा मुलगा उद्धव माझ्याच कॉलेजात, माझ्या पुढच्या वर्गात, आणि फुटबॉल संघाचा कप्तान. मी मैदानाच्या कडेला पोरांसोबत चेंडू मारताना त्यानं मला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः आमच्या मळ्यात आला. पायात चकचकीत बूट, सांभाराच्या वाफ्यातून जपून पाय टाकत. बाप जुड्या बांधत बसला होता.

"काका, भगवंताला आम्हाला द्या," उद्धव म्हणाला.

"द्या म्हंजे? वांगं हाय काय तो, टोपल्यात टाकून द्याले?"

उद्धव मोठ्यानं हसला. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा आमचा, काका. याची जबाबदारी माझी."

तो गेल्यावर बाप बराच वेळ जुडी हातात धरून तसाच बसून राहिला. ज्यांच्या मागच्या दाराशी तो रोज उकिडवा बसून भाजी मोजून द्यायचा, त्या घरातला पोरगा त्याला काका म्हणाला होता.

"जा बापू, खेळ," तो म्हणाला. "पण पाय मोडून आला तं लंगड्या पायानं मोट हाकाले लावीन, सांगून ठेवतो."

दसरा झाला आणि सामने सुरू झाले. आमच्या संघात उद्धव आणि आणखी दोघं बूट घालायचे. बाकी आम्ही अनवाणी, घोट्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्या आवळून. काळ्या मातीचं मैदान. पाऊस सरला की त्याला भेगा पडतात, त्यात मुरूम भरायचा आणि खेळायचं. मी पुढच्या फळीत मधोमध. गोल राखायला खुशाल. खुशाल बार्शीटाकळीचा, वसतिगृहात राहायचा, पण तिथलं पातळ वरण सोडून आमच्याच घरी जेवायचा. माझी आई तानुबाई त्याला "माहा दुसरा पोट्टा" म्हणायची, आणि हा गडी तिच्या चुलीसमोर बसून पहिल्या पोट्ट्याच्या वाटची भाकर खायचा.

वर्धा हरली. यवतमाळ हरली. खामगावशी बरोबरी चालली होती, तेव्हा अगदी शेवटी मी डाव्या पायानं चेंडू असा काही काढला की त्यांचा गोलकीपर बघतच राहिला. अमरावतीच्या सामन्यांना बाप यायला लागला. बाजार उरकून रिकामं टोपलं मैदानाच्या कडेला पालथं घालून त्यावर बसायचा. खेळ त्याला ओ की ठो कळत नव्हता.

"तो शिट्टीवाला घडीघडी शिट्टी कावून मारून राह्यला? ठसका लागला काय त्याले?"

पण चेंडू माझ्या पायात आला की तो टोपल्यावरून उठायचा. चेंडू गेला की बसायचा. बाजारातले लोक नंतर चेंडूऐवजी त्यालाच बघायला लागले.

उपांत्य सामना अकोल्याला होता, आणि त्याच दिवशी माझी बहीण शालू हिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अचलपूरला. मी उद्धवला सांगितलं, मनात धाकधूक होती. तो लगेच म्हणाला, "अरे, बहिणीचं कार्य. जायलाच हवं. आम्ही सांभाळून घेऊ."

आणि त्यांनी सांभाळून घेतलं. मी अचलपूरहून परत आलो तेव्हा कळलं, आपण जिंकलो. ढालीचा अंतिम सामना पुढच्या शनिवारी, अकोल्यालाच, अकोल्याच्या क्लबशी.

"माह्या जागी कोन खेळला बे?" मी खुशालला विचारलं.

"होता एक जन."

"कोन?"

"अबे जिंकलो न. पेढे आन शालूच्या साक्षगंधाचे, उगा डोकं नको खाऊ."

पेढे त्यानं खाल्ले.

शनिवारी आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरलो. स्टेशनबाहेर ही गर्दी. तिथल्या लोकांनी उपांत्य सामना पाहिला होता आणि त्यांना एकच माणूस बघायचा होता.

"आले रे अमरावतीवाले! भगवंत कुठी हाय? भगवंत दाखवा!"

मला काय ते सुख झालं. न खेळताच माझं नाव इथवर पोचलं? खामगावचा गोल ऐकला असेल, असं वाटलं. मी हात वर केला. "मी. मीच भगवंत."

सगळ्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग एक पानवाला असा हसला की त्याच्या तोंडातलं पान बाहेर आलं.

"तू? भगवंत हा असा उंच गडी हाय, मिशावाला. दोन गोल मारले त्यानं आमच्या डोयासमोर. तू काय त्याची वळकटी उचलते?"

मी वळून पाहिलं. माझा सगळा संघ सामान मोजण्यात गुंतला होता. खुशाल तर खाली बसून आपल्या ट्रंकेला कुलूप लावत होता, आणि ते कुलूप आधीच लागलेलं होतं.

उद्धवनं मला धर्मशाळेच्या मागच्या पडवीत नेलं आणि सगळं सांगितलं. बदली म्हणून नेलेले दोघंही कच्चे होते. त्यानं कामठीहून गफूर नावाचा गडी आणला आणि माझ्या नावावर उतरवला. ओळ लागली तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, हा भगवंत मेहरे, इंटरचा, आमचा.

"मले सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं असतं तर तू साक्षगंधात बसून काळजी केली असतीस. चिडू नकोस. आज तूच खेळणार आहेस."

"हे लोक मले ओळखतीन कसे? ते तं मिशावाला मागून राह्यले."

"लोकांना काय लक्षात राहतं? आणि राहिलं तरी ओळख द्यायची मी. तुझ्या खांद्यावर मी हात ठेवला की संपलं. माझ्यापुढे कोण बोलणार आहे?"

मी विश्वास ठेवला. कारण तो हात मी मळ्यात पाहिला होता, माझ्या बापासमोर.

मैदान मोर्णा नदीच्या अंगाला होतं. माणसं झाडांवर चढलेली. मी संघाचा निळा सदरा घालून ओळीत उभा राहिलो, चिंध्या आवळल्या, आणि समोर दोरीपलीकडे मला एक उंच, सावळा, मिशांना पीळ दिलेला माणूस दिसला. घोट्याला पट्टे बांधून तयार.

"तो कायले आला?" मी उद्धवला विचारलं.

"सामना बघायला."

पट्टे बांधून कोणी सामना बघतं का? उद्धवनं आम्हा दोघांना बोलावलं होतं. जो उपयोगी पडेल तो.

रेफ्री रेल्वेतला एक गोरा साहेब. उद्धव ओळीतून पुढे सरकू लागला. खुशालच्या खांद्यावर हात, नाव, वर्ग, आमचा. पुढच्याच्या खांद्यावर हात. नाव, वर्ग, आमचा. माझ्यासमोर आला. हात उचलला.

तेवढ्यात अकोल्याचा कप्तान ओरडला, "साहेब, हा भगवंत मेहरे नाही! आठ दिवसांपूर्वी यांनी दुसराच माणूस भगवंत म्हणून खेळवला. सारं गाव साक्षीला आहे!"

लोक ओरडायला लागले. नकली, नकली. साहेबानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि उद्धवला विचारलं, या दोघांतला खरा भगवंत मेहरे कोणता? आणि ऐकवलं की एक खोटा ठरला तर तो कोणी उतरवला हेही आपण विचारू, आणि उपांत्य सामन्यात खोटा माणूस खेळला असेल तर अमरावतीचा संघ इथूनच घरी जाईल.

आता नीट बघा. खरं बोलला असता तर उद्धव गेला असता, संघ गेला असता, ढाल गेली असती. खोटं बोलला तर फक्त मी जाणार होतो.

त्याचा हात अजून हवेत होता, माझ्या खांद्यापासून वीतभर. मी त्या हाताकडे बघत होतो. तो हात खाली आला. त्याच्याच मांडीजवळ.

"साहेब, हा आमच्या संघातला नाही," उद्धव म्हणाला. "आमच्या वसतिगृहाला भाजी देणारा माळ्याचा मुलगा आहे. खेळाची हौस आहे म्हणून बरोबर आला आणि सदरा घालून ओळीत घुसला. खरा भगवंत मेहरे तो, दोरीपलीकडे."

हे सगळं तो इंग्रजीत बोलला. मला इंग्रजी येत होतं. मी इंटरचा विद्यार्थी होतो आणि ते त्याला माहीत होतं.

"खुशाल!" मी ओरडलो. "सांग याले, मी कोन हाय! बोल न बे!"

खुशाल आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होता.

"माह्या मायच्या हातची भाकर खाल्ली तुनं. बोल!"

"भगवंता, गप ऱ्हाय," तो मान वर न करता पुटपुटला. "फायनल हाय."

साहेबानं मला सदरा काढायला सांगितला. मी काढला. उघड्या अंगानं उभा राहिलो. गफूर दोरीखालून वाकून आला, सदरा हातात घेतला, आणि मला बघून थबकला.

"तुम हो भगवंत?"

मी मान हलवली.

"मुझे तो बोले थे लड़का बीमार है." त्यानं उद्धवकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. "माफ करना, मियाँ."

मग तोही सदरा घालून ओळीत गेला. त्याला तो सदरा दंडात घट्ट होत होता. उद्धवनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भगवंत मेहरे, इंटरचा, आमचा.

मी दोरीपलीकडे गेलो. लोकांनी जागा करून दिली, मस्करी करायला.

"ओ भाजीवाले, मेथी काय भाव?"

"सदरा उतरवला, आता टोपलं दे याले कोनी!"

मी पळून जायला हवं होतं असं म्हणाल. का पळू? ते माझं मैदान होतं. मी उभा राहिलो आणि शेवटपर्यंत सामना पाहिला. दुसऱ्या डावात चेंडू गफूरच्या पायात आला आणि त्यानं तो डाव्या कोपऱ्यात घातला, मी घातला असता तसाच. एकच गोल. अकोल्याचे लोक हरले तरी दिलदार. टोप्या उडवत होते. भगवंत! भगवंत! माझ्या बाजूला उभा असलेला तो पानवालासुद्धा माझी पाठ थोपटून ओरडत होता, "पाह्यलं काय बे? याले म्हंतेत भगवंत!"

परतीच्या गाडीत उद्धव ढाल मांडीवर घेऊन बसला होता. मला म्हणाला, "गोल तुझ्याच नावावर लागला ना? तुझं काय गेलं?"

मी तोंड वळवलं. खिडकीबाहेर मूर्तिजापूर मागे जात होतं.

घरी पोचलो तर बातमी आधीच आलेली. आमच्या दाराशी निम्मा बाजार. बाप पेरूचं टोपलं घेऊन येईल त्याच्या हातात पेरू कोंबत होता. आईनं मला ओवाळलं.

"बावा, मी खेळलो नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"हो हो!" बाप म्हणाला. "तू नाही खेळला. तुहं भूत खेळलं!"

सगळे हसले. त्या हसण्यात माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? आठवडाभर हेच चाललं. मी म्हणायचो मी नव्हतो, लोक म्हणायचे पोरगं किती विनयाचं.

मग कॉलेजात बक्षीस समारंभ झाला. मोठं दालन, गावातली सगळी पगडी-कोटवाली मंडळी, पुढच्या रांगेत मोरोपंत. हार आमच्याच मळ्यातले, झेंडूचे. ते घेऊन आलेला माझा बाप हार टेबलावर ठेवून सगळ्यात मागच्या बाकावर बसला, धुतलेलं पागोटं घालून. प्रिन्सिपॉल साहेबांनी नाव पुकारलं. भगवंत शालिकराम मेहरे, विजयाचा गोल, खास पदक.

मी उठलो, टेबलापर्यंत गेलो, आणि आधी इंग्रजीत बोललो. मग बापाला कळावं म्हणून आपल्या भाषेत बोललो. "साहेब, हे पदक माहं नाही. अकोल्याले मी खेळलो नाही. माह्या नावावर कामठीचा गडी खेळला. या साऱ्यायनं मले तिथं खोटा ठरवलं."

प्रिन्सिपॉलांनी उद्धवकडे पाहिलं.

उद्धव शांतपणे उठला. चालत माझ्याजवळ आला. हसला. आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, हा भगवंत मेहरे. इंटरचा. आमचा," तो म्हणाला. "थोडा रागीट आहे. सामन्यात मी त्याला एकदा ओरडलो, ते अजून मनात धरून आहे."

जे अकोल्याला बोलायचं होतं, तेच, शब्दाला शब्द, इथं बोलला. तिथं मी खरा असणं अडचणीचं होतं. इथं खोटा असणं.

प्रिन्सिपॉलांनी बाकीच्यांना विचारलं, हा अकोल्याला खेळला का? एकेक जण उठून हो म्हणत गेला. शेवटी खुशाल.

"हो सर," खुशाल म्हणाला. "यानंच गोल मारला. मी पाह्यला."

मी खांद्यावरचा हात झटकला. "अकोल्याले कुठी होता हा हात?" मी इतक्या जोरात ओरडलो की मोरोपंतांनी चष्मा काढला. "भाजीवाला म्हटलं न मले? मंग भाजीवाल्याले पदक कायले देता?"

"खाली बस," प्रिन्सिपॉल म्हणाले.

मी बसलो नाही. पदक घेतलं नाही. दाराकडे चालायला लागलो. तेव्हा मागच्या बाकावरून बाप उठला आणि माझ्या बाजूनं, मला ओलांडून, सरळ टेबलाकडे गेला. दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"माफ करजा साहेब," तो म्हणाला. "पोरगं लाजून राह्यलं. मी घेतो त्याच्या वतीनं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका वेळ जे आत कुठंतरी धरून होतो, ते त्या टाळ्यांत तुटलं. दहा जण खोटं बोलले ते सोसलं होतं. बापानं त्यांचं खरं मानलं.

राजापेठेपर्यंत आम्ही दोघं चालत आलो. पदक त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधलेलं होतं. मग तो रस्त्यातच थांबला.

"तू खरंच नाही खेळला?"

"नाही."

"वकिलाचा पोरगा खोटं कायले बोलीन?"

"त्याले इचारा."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मैदानाच्या कडेला टोपल्यावरून उठायचा तेव्हा बघायचा तसं. खूप वेळ बघितलं.

"तुले भाजीवाला म्हटलं त्यानं?"

"हो. इंग्रजीत."

"म्हंजे मले बी म्हटलं," बाप म्हणाला. मग सोग्याची गाठ चाचपून, "भाजीवाला तं मी हावोच. पन मंग काका कायले म्हटलं?"

दोन दिवसांनी तो गाडीत बसून कामठीला गेला. गफूरला हुडकून काढलं आणि पदक त्याच्या हातात ठेवलं. गफूरनं ते उलटंपालटं करून पाहिलं. मागे माझं नाव कोरलेलं होतं. त्यानं बापाला चहा पाजला आणि पदक परत दिलं. म्हणाला, "चाचा, इस पर मेरा नाम नहीं है. मैं किसको दिखाऊँगा?"

मी कॉलेज सोडलं. नाव काढायला गेलो नाही, नुसतं जाणं बंद केलं. दुसरं टोपलं मी डोक्यावर घेतलं. बाप पुढे, मी मागे. बाप कामठीहून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोरोपंतांच्या मागच्या दाराशी पोचलो. वकिलीणबाई रमाबाईंनी नेहमीची पितळी परात पुढे केली. बापानं उकिडवं बसून वांगी घातली, मेथीच्या जुड्या ठेवल्या, आणि सोग्याची गाठ सोडून पदक त्या मेथीवर ठेवलं.

"हे काय?" रमाबाई म्हणाल्या.

आवाज ऐकून उद्धव बाहेर आला. दात घासत होता, खांद्यावर पंचा. त्यानं परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"काका, अहो हे भगवंताचं आहे. हे इथं कशाला?"

बाप उठला. टोपलं डोक्यावर ठेवताना मला त्याला हात लावू दिला नाही.

"काका म्हनू नका," तो म्हणाला. "मी तुमाले ओळखत नाही."

आणि तो पुढच्या घराच्या दाराशी जाऊन नेहमीसारखी हाक द्यायला लागला. मेथी, सांभार, वांगी.